किडनीच्या सेल्सना वाहणारं पाणी कसं कळतं, आणि ते मायक्रोस्कोपखाली स्वतः कसं बघायचं

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर जातं, बाकी सगळं नळ्यांच्या भिंतीतल्या सेल्स परत ओढून घेतात. आता नळीत येणारं पाणी सारखं कमी-जास्त होत असतं, आणि भिंतीतल्या त्या एका सेलला ते कळतं, आणि ती त्याप्रमाणे आपलं काम बदलते. ती हे कसं ओळखते हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं सुटलेला नाही, म्हणजे मनातून सुटलेला नाही. आणि हे बघायला फार महागडं काही लागत नाही, एक बरा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप, एक पंप, एक सपाट चेंबर आणि भरपूर धीर. पण प्रयोग सोपा दिसतो म्हणून लोक घाईघाईत करतात, कॅल्शियम दाखवणारा डाय भरलेली सेल चमकली की "सिलियमने (म्हणजे सेलवरच्या बारीक केसाने) फ्लो ओळखला" असं लिहून मोकळे होतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. सेल चमकायला दहा कारणं असतात. ती एकेक करून कशी बाजूला काढायची ते सांगायलाच हे सगळं लिहितोय.

आधी कोण काय ओळखतं ते डोक्यात ठेवा

नळीतल्या बहुतेक सेल्सवर, आतल्या पोकळीच्या बाजूला, एक बारीक केस असतो, प्रायमरी सिलियम. एका सेलला एकच. जाडी साधारण ०.२ मायक्रॉन, लांबी शरीरात दोन-तीन मायक्रॉन, डिशमध्ये वाढवलेल्या सेल्सवर त्याहून बरीच जास्त होऊ शकते. हा श्वासनळीतल्या सिलियासारखा स्वतः हलत नाही, त्याच्या आत मायक्रोट्यूब्यूल म्हणजे प्रोटीनच्या बारीक नळ्यांच्या नऊ जोड्या गोलाकार असतात पण मधली जोडी नसते. १८९८ मध्ये झिमरमन नावाच्या शास्त्रज्ञाने हे केस पाहून नोंदवले होते आणि त्यानंतर कितीतरी दशकं लोकांना वाटायचं की हा निरुपयोगी अवशेष आहे. मग २००१ मध्ये प्रेटोरियस आणि स्प्रिंग यांनी एमडीसीके या कुत्र्याच्या किडनीतून काढलेल्या सेल्सचा सिलियम बारीक काचेच्या नळीने ओढून वाकवला, आणि फ्लो देऊनही वाकवला, आणि सेलमधलं कॅल्शियम वाढताना दाखवलं. २००३ मध्ये नाउली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॉलिसिस्टिन-१ नसलेल्या उंदराच्या किडनी सेल्समध्ये फ्लोला हा प्रतिसाद येत नाही. पॉलिसिस्टिन-१ आणि २ म्हणजे पीकेडी१ आणि पीकेडी२ या जीन्सची प्रोटीन्स, ज्यांच्यात बिघाड झाला की किडनीत गाठी म्हणजे सिस्ट होणारा आनुवंशिक आजार होतो. त्यामुळे गोष्ट एकदम जुळून आली, केस वाकतो, चॅनेल म्हणजे आयन आत-बाहेर जायची वाट उघडते, कॅल्शियम आत येतं, आणि हे बंद पडलं की सिस्ट.

पण पुढे ही गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. २०१६ मध्ये डेलिंग आणि सहकाऱ्यांनी थेट सिलियमच्या आतच कॅल्शियम दाखवणारं प्रोटीन बसवलेल्या उंदराच्या सेल्स घेतल्या, आणि शरीरात असतो तेवढ्या फ्लोमध्ये सिलियमच्या आतलं कॅल्शियम काही वाढलं नाही. दुसरीकडे २०२३ मध्ये गर्भात डावं-उजवं ठरवणाऱ्या भागातले सिलिया वाकवल्यावर त्यात कॅल्शियमचा सिग्नल येतो आणि त्यात पॉलिसिस्टिन-२ लागतं हे झेब्राफिश आणि उंदीर दोन्हींत दाखवलं गेलं, पण तो अवयव वेगळा. आणि २०१३ मधलं एक काम तर मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं: पॉलिसिस्टिन नसलेल्या उंदरांत सिलियापण काढून टाकले तर सिस्ट वाढायच्या ऐवजी त्यांची वाढ मंदावली. फक्त "केस वाकत नाही म्हणून सिस्ट" एवढंच असतं तर असं व्हायला नको होतं.

सिलियम सोडून बाकीचे पण आहेत. प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या, म्हणजे नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या, सेल्सवर मायक्रोव्हिलायचा दाट ब्रश असतो, फ्लो त्याला ढकलतो आणि तो जोर मुळाशी असलेल्या ॲक्टिनच्या (सेलच्या सांगाड्याच्या प्रोटीनच्या) जाळ्यावर येतो. तिथे जास्त पाणी आलं की जास्त शोषलं जातं, त्यात या ब्रशचा वाटा धरला जातो. कलेक्टिंग डक्टमध्ये, म्हणजे नळीच्या शेवटच्या भागात, फ्लो वाढला की बीके नावाची मोठी पोटॅशियम चॅनेल्स उघडतात आणि लघवीतून पोटॅशियम जास्त जातं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम कमी होतं त्याचं एक कारण हेही आहे. पिएझो१, टीआरपीव्ही४ अशी दाब-ताण ओळखणारी चॅनेल्स आहेत. आणि एटीपी आहे, सेलमधला ऊर्जेचा रेणू जो बाहेर पडला की निरोप्याचं काम करतो, फ्लो लागला की सेल्स एटीपी बाहेर सोडतात, ते स्वतःच्याच आणि शेजारणीच्या पीटूवाय रिसेप्टरवर बसतं आणि कॅल्शियम वाढतं. कलेक्टिंग डक्टमध्ये इंटरकॅलेटेड सेल्स असतात, त्यांना प्रायमरी सिलियम नसतोच, तरी फ्लो वाढवला की त्यांच्यातही कॅल्शियम वाढतं. प्रयोगाचा अर्थ लावताना हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवलंत तरी चालेल. मॅक्युला डेन्सा नावाचा नळीतल्या सेल्सचा पुंजका यात धरू नका, तिचं मुख्य काम मीठ मोजायचं आहे, फ्लो वाढला की तिथे जास्त मीठ पोचतं आणि ते तिला कळतं, तो वेगळा विषय.

सेल्स

पहिल्यांदा करताय तर एमडीसीके घ्या. १९५८ मध्ये मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या किडनीतून काढलेली ही लाइन, अजूनही सगळीकडे आहे आणि सिलिया छान देते. तिचे टाइप एक आणि टाइप दोन असे प्रकार आहेत, वागणूक वेगळी आहे, आपल्याकडे कुठला आहे ते माहीत करून घ्या. उंदराच्या कलेक्टिंग डक्टची आयएमसीडी३ पण चांगली.

काचेच्या कव्हरस्लिपवर लावा, पूर्ण भरू द्या, आणि भरल्यानंतर अजून ५ ते ७ दिवस थांबा. इथे जवळजवळ सगळे नवीन लोक घाई करतात. वाढणाऱ्या, विभागणाऱ्या सेलला सिलियम नसतो कारण त्याच्या मुळाशी असलेलं सेंट्रिओल विभाजनाच्या कामाला लागलेलं असतं, सेल्स दाटीवाटीने शांत बसल्या की मगच केस उगवतो. शेवटचे एक-दोन दिवस सीरम ०.५ टक्क्यावर आणलं तर अजून बरं. दर बॅचमधली एक कव्हरस्लिप बाजूला काढून सिलियम दाखवणाऱ्या ॲसिटिलेटेड ट्यूब्युलिनच्या अँटीबॉडीने रंगवून बघा, किती टक्के सेल्सवर सिलियम आहे आणि किती लांब आहे ते वहीत लिहा. हे न करता फ्लो दिला आणि प्रतिसाद आला नाही तर तुम्हाला कळणारच नाही की सेल ओळखत नाही की तिच्याकडे केसच नव्हता. मायकोप्लाझ्माची (सेल्सना गुपचूप लागणाऱ्या बॅक्टेरियाची) टेस्टही करून घ्या.

चेंबर आणि शिअरचं गणित

सेलला मिलिलिटर प्रति मिनिट कळत नाही, सेलला कळते ती वाहत्या पाण्याची तिच्या पृष्ठभागावरची ओढ, म्हणजे शिअर स्ट्रेस. म्हणून आकडा नेहमी शिअरमध्ये सांगायचा. सपाट चेंबरसाठी सूत्र असं: सहा गुणिले व्हिस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा) गुणिले फ्लो, भागिले रुंदी गुणिले उंचीचा वर्ग. सगळं सेंटिमीटर, ग्रॅम, सेकंदात घ्या, उत्तर डाइन प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये येतं.

उदाहरण करून बघू. रुंदी १ सेंमी, उंची २५० मायक्रॉन म्हणजे ०.०२५ सेंमी, ३७ डिग्रीला पातळ बफरची व्हिस्कॉसिटी साधारण ०.००७ पॉइज. तुम्हाला ०.५ डाइन पाहिजे. तर फ्लो येतो सेकंदाला ०.००७४ मिली, म्हणजे मिनिटाला साधारण ०.४५ मिली. इतका कमी. पहिल्यांदा लोकांना विश्वास बसत नाही आणि ते ५ मिली लावतात, म्हणजे ५ डाइनच्या वर जातात, तो आकडा किडनीच्या नळीचा नाही, तो रक्तवाहिन्यांच्या बाजूला झुकलेला आहे.

किडनीचा आकडा कसा काढायचा? गोल नळीसाठी सूत्र चार गुणिले व्हिस्कॉसिटी गुणिले फ्लो, भागिले पाय गुणिले त्रिज्येचा घन. त्रिज्या १२.५ मायक्रॉन धरा आणि मिनिटाला १० नॅनोलिटर फ्लो धरा, उत्तर ०.७६ च्या आसपास येतं. नळीच्या वेगवेगळ्या भागात फ्लो आणि व्यास दोन्ही बदलतात त्यामुळे एक आकडा नाही, पण ०.१ ते १ च्या पट्ट्यात राहिलात तर तुम्ही किडनीबद्दल बोलताय असं म्हणता येईल. चिपवर प्रॉक्सिमल सेल्स वाढवणाऱ्यांनी ०.२ वापरून चांगला परिणाम मिळवलाय.

उंचीकडे डोळ्यात तेल घालून बघा. ती वर्गात आहे. गॅस्केट, म्हणजे दोन काचांमधला उंची ठरवणारा थर, स्क्रूने जास्त दाबला गेला आणि २५० चे २०० मायक्रॉन झाले तर शिअर दीडपटीच्या वर जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. चेंबर बंद करून, आतल्या खालच्या काचेवर फोकस आणि वरच्या काचेवर फोकस करून मधलं अंतर मायक्रोस्कोपच्या नॉबवरून काढा, पाण्याच्या रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सची दुरुस्ती करायला विसरू नका. त्याहून चांगलं म्हणजे सेल्सशिवाय एकदा १ मायक्रॉनचे चमकणारे मणी सोडून त्यांचा वेग मोजा. ०.५ डाइनला भिंतीजवळचा शिअर रेट सेकंदाला साधारण ७१ येतो, म्हणजे भिंतीपासून ५ मायक्रॉनवर, जिथे एखाद्या लांब सिलियमचं टोक असेल, तिथे मणी सेकंदाला साधारण ३५० मायक्रॉन जायला हवा. जुळलं तर तुमचं सगळं गणित बरोबर. नाही जुळलं तर आधी गॅस्केट बघा. आणि काठाजवळच्या सेल्स मोजू नका, कडेला फ्लो वेगळा असतो, मधल्या भागातच काम करा.

पंप, बुडबुडे, आणि तापमान

पेरिस्टाल्टिक पंप ठोके देतो, तो वापरणार असाल तर मध्ये हवेचा डँपर लावा. सिरिंज पंप जास्त गुळगुळीत पण अगदी कमी वेगाला तोही पायरी-पायरीने ढकलतो, मोठी सिरिंज लावली तर हे जास्त जाणवतं, त्यामुळे फ्लो कमी तर सिरिंजही लहान. सगळ्यात शांत म्हणजे उंचीवर बाटली ठेवून गुरुत्वाकर्षणाने येणारा फ्लो, फक्त बाटलीतली पातळी खाली जाऊ देऊ नका.

बुडबुडा सेल्सवरून गेला की ती कव्हरस्लिप संपली. हवा आणि पाण्याची कड सेलवरून सरकते तेव्हाचा जोर फ्लोच्या कितीतरी पट असतो, सेल्स उचकटतात, फुटतात, त्यांच्यातलं एटीपी बाहेर येतं आणि मायक्रोस्कोपखाली दिसणारा सगळा भाग एकदम चमकतो, दिसायला फार सुंदर दिसतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. बफर आधी गरम करून त्यातली विरघळलेली हवा काढून टाका, नाहीतर चेंबरमध्ये गरम झाल्यावर तिथेच बुडबुडे बनतात.

तापमानाबद्दल माझ्यावर बेतलेलं सांगतो. सुरुवातीला माझ्याकडे तीन आठवड्यांचा डेटा होता, दर वेळी फ्लो चालू केला की काही सेकंदांत सुरेख कॅल्शियमचा पीक, एकसारखा. मग एका सहकाऱ्याने विचारलं की पंप आणि चेंबरच्या मधल्या नळीतलं पाणी किती डिग्रीला असतं. बारीक थर्मोकपल घातला तर स्टेज ३७ ला होती पण पंप चालू केल्यावर पहिल्यांदा येणारं पाणी खोलीच्या तापमानाचं होतं, मी इतके दिवस सेल्सना गार पाण्याचा धक्का देत होतो आणि त्यालाच फ्लोचा प्रतिसाद समजत होतो. सगळा डेटा टाकून दिला, फार वाईट वाटलं. तेव्हापासून चेंबरच्या अगदी तोंडाशी लाइन हीटर लावतो आणि मोजणी सुरू करायच्या आधी अगदी मंद फ्लो चालू ठेवतो.

मंद फ्लो ठेवायचं अजून एक कारण आहे आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं. किडनीत फ्लो कधी शून्य नसतो. शून्यावरून ०.५ ला एकदम उडी हा सेलच्या आयुष्यात न येणारा प्रसंग आहे. शिवाय साचलेल्या पाण्यात सेल्सनी सोडलेलं एटीपी आणि बाकीचं काहीबाही जमा होत राहतं, फ्लो आला की ते धुऊन जातं, म्हणजे एकाच वेळी तुम्ही दोन गोष्टी बदलता. ०.०५ वर १५-२० मिनिटं बसू द्या, मग वाढवा.

डाय भरणं

साधं करायचं तर कॅल्शियम वाढलं की चमकणारा डाय फ्लुओ-४ एएम, २ ते ५ मायक्रोमोलर, अर्धा तास, मग धुऊन अजून अर्धा तास थांबा म्हणजे सेलमधले एस्टरेज त्याची शेपूट कापतील आणि तो आत अडकेल. थोडं प्लुरॉनिक टाकलं तर नीट विरघळतो. पण फ्लो चालू झाला की चेंबरची काच दाबाने किंचित वाकते, फोकस सरकतो आणि एका तरंगलांबीच्या डायमध्ये फोकस सरकला की कॅल्शियम बदलल्यासारखं दिसतं, म्हणून सोय असेल तर फ्युरा-२ घ्या, ३४० आणि ३८० नॅनोमीटरने आलटूनपालटून उजळवून गुणोत्तर काढायचं, फोकसचा बराचसा गोंधळ त्यात रद्द होतो.

किडनीच्या सेल्सचं कामच मुळी असल्या रसायनांना बाहेर फेकायचं आहे, त्यामुळे डाय हळूहळू गळतो. त्यावर उपाय म्हणून प्रोबेनेसिड टाका असं सगळीकडे सांगतात. इथे जपून. प्रोबेनेसिड पॅनेक्सिन-१ चॅनेलही अडवतं, आणि एटीपी बाहेर पडायच्या वाटांपैकी ती एक धरली जाते. म्हणजे डाय टिकवायच्या नादात तुम्ही ज्याचा अभ्यास करताय तोच रस्ता बंद कराल. मी ते टाकत नाही, त्यापेक्षा रेकॉर्डिंग लहान ठेवतो.

रेकॉर्डिंग

सेकंदाला एक फ्रेम पुरते, प्रकाश जितका कमी ठेवता येईल तितका ठेवा कारण जास्त प्रकाशानेही सेल्स त्रासतात. मंद फ्लोवर ३ ते ५ मिनिटं बेसलाइन घ्या, मग फ्लो वाढवा आणि ५ ते १० मिनिटं चालू ठेवा. चांगल्या प्रतिसादात काही सेकंद ते काही दहा सेकंदांनी कॅल्शियम चढतं, शिखर गाठतं आणि फ्लो चालूच असला तरी परत खाली येतं. सगळ्या सेल्स एकदम चमकत नाहीत, एखादी आधी चमकते आणि मग लाट शेजारी पसरते, कधी गॅप जंक्शनमधून तर कधी एटीपीने. हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं ना की मग तो दिवस विसरता येत नाही.

त्याच सेल्सना लगेच परत फ्लो दिला तर उत्तर मिळत नाही किंवा अर्धवट मिळतं, किमान २०-३० मिनिटं विश्रांती द्या. म्हणून "आधी औषध नाही, मग औषध" असा प्रयोग एकाच कव्हरस्लिपवर करताना औषधाशिवाय दोनदा फ्लो देऊन दुसरा प्रतिसाद पहिल्याइतका येतो का हे आधी दाखवावं लागतं. शेवटी प्रत्येक कव्हरस्लिपवर १०० मायक्रोमोलर एटीपी टाका. त्यालाही चमकली नाही ती सेल मेलेली आहे किंवा डाय भरलेला नाही, तिला "फ्लो न ओळखणारी" म्हणून मोजू नका.

आता खरं काम, बाकीची कारणं काढणं

ज्याला कंटाळवाणं म्हणतात ते इथे आहे आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो.

पहिला प्रश्न, एटीपी आहे का? बफरमध्ये अपायरेज टाका, ते बाहेर पडलेलं एटीपी लगेच मोडतं. प्रतिसाद गेला किंवा लाट पसरायची थांबली तर सेलने आधी एटीपी सोडलं आणि मग त्याला उत्तर दिलं, म्हणजे तुम्ही बघताय तो कॅल्शियमचा पीक दुसरी पायरी आहे. अपायरेज उकळून निकामी करून पण एकदा टाका, नुसत्या प्रोटीनने काही होतंय का ते कळतं.

दुसरा, कॅल्शियम बाहेरून येतं की आतल्या साठ्यातून? बाहेरचं कॅल्शियम काढून, उरलंसुरलं बांधून ठेवणारं ईजीटीए टाका. एक वेगळी कव्हरस्लिप थॅप्सिगार्जिनने साठा रिकामा करून घ्या. एमडीसीकेमध्ये बाहेरून थोडं आत येतं आणि त्यावरून आतला साठा मोकळा होतो असं चित्र आहे, त्यामुळे दोन्हींनी परिणाम दिसला तर गोंधळू नका. बाहेरचं कॅल्शियम फार वेळ काढून ठेवलं की सेल्समधले जोड सुटायला लागतात, एवढं भान ठेवून हे काम काही मिनिटांत उरका.

ताणाने उघडणारी चॅनेल्स अडवायला लोक गॅडोलिनियम वापरतात, आणि ते फॉस्फेट किंवा बायकार्बोनेट असलेल्या बफरमध्ये टाकतात, तिथे ते साका होऊन खाली बसतं आणि मग निष्कर्ष काढतात की चॅनेलचा संबंध नाही. हेपीसचा बफर घ्या, फॉस्फेटशिवाय.

तिसरा प्रश्न माझा आवडता: सेल शिअर ओळखतेय की पाण्याबरोबर काय येतंय-जातंय ते? फ्लो वाढवला की दोन्ही वाढतात. वेगळं करायची युक्ती अशी, की फ्लो तोच ठेवायचा आणि बफरमध्ये डेक्स्ट्रान टाकून त्याची व्हिस्कॉसिटी दुप्पट करायची. शिअर दुप्पट होतो, पण दर मिनिटाला येणारं-जाणारं पाणी तेवढंच राहतं. प्रतिसाद वाढला तर तो ओढीमुळे. नाही वाढला तर धुऊन जाण्याचा किंवा नव्याने येणाऱ्या कशाचा तरी असू शकतो. डेक्स्ट्रान टाकल्यावर ऑस्मोलॅलिटी मोजून जुळवून घ्या कारण सेल किंचित फुगली-आकसली तरी टीआरपीव्ही४ सारखी चॅनेल्स जागी होतात. आणि व्हिस्कॉसिटी स्वतः मोजा, बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका.

मग सिलियम. क्लोरल हायड्रेट काही दिवस दिलं की सिलिया गळतात आणि २००३ मध्ये त्यानेच दाखवलं गेलं की सिलिया गेले की फ्लोचा प्रतिसाद जातो. पण क्लोरल हायड्रेट सेलमध्ये बाकीच्या गोष्टींनाही हात लावतं, मायक्रोट्यूब्यूल्ससकट. आयएफटी८८ किंवा किफ३ए ही सिलियम बनायला लागणारी जीन बंद केलेली लाइन जास्त स्वच्छ पुरावा देते. आणि ती लाइन एटीपीला नेहमीसारखं उत्तर देते हे दाखवा, तीच जीन परत घालून सिलिया आणि प्रतिसाद दोन्ही परत येतात हेही दाखवा. एवढं सगळं झाल्यावरही म्हणता येतं ते "या प्रतिसादाला सिलियम लागतो" एवढंच. सिलियममध्येच चॅनेल उघडलं हे म्हणायला सिलियमच्या आतलं कॅल्शियम मोजावं लागेल, आणि हललेल्या सिलियममध्ये ते मोजणं फार अवघड आहे कारण तो वाकला की फोकसमधून बाहेर जातो, गुणोत्तर देणारा सेन्सरच लागतो.

मोजताना अजून एक. एका कव्हरस्लिपवर ३०० सेल्स मोजल्या म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) ३०० होत नाही. त्या शेजारणी आहेत, एकमेकींना एटीपीने हाका मारतायत. एक कव्हरस्लिप म्हणजे एक. किमान तीन वेगळ्या दिवशी वेगळ्या बॅचवर करा, आणि "प्रतिसाद" म्हणजे किती हे आधीच ठरवा, बेसलाइनच्या तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या वर असं काहीतरी, डेटा बघून ठरवू नका.

कॅल्शियम दिसलं नाही तरी सोडू नका

कॅल्शियम पटकन दिसतं म्हणून आपण ते बघतो, पण सेलचं उत्तर तेवढ्यावर संपत नाही. २०१० मध्ये दाखवलं गेलं की फ्लोखाली ठेवलेल्या एमडीसीके सेल्स आकाराने लहान राहतात, त्याला सिलियम लागतो, एलकेबी१ लागतं, सेलची वाढ ठरवणाऱ्या एमटॉर प्रोटीनचं काम दाबलं जातं आणि कॅल्शियमवर ते अवलंबून नाही. म्हणून शक्य असेल तर काही कव्हरस्लिप्स तासन्‌तास फ्लोवर ठेवा, शेजारी तशाच चेंबरमध्ये फ्लो नसलेल्या ठेवा, पण त्यांचंही मीडियम अधूनमधून बदला, नाहीतर उपाशी सेल्सची तुलना पोटभर खाल्लेल्या सेल्सशी होईल. प्रॉक्सिमल सेल्समध्ये काही तासांत ॲक्टिनचे तळाचे जाड धागे कमी होऊन कडेला पट्टा जाड होतो, ॲक्टिनला चिकटणाऱ्या फॅलॉयडिनने रंगवलं की मायक्रोस्कोपखाली सहज फरक कळतो. अल्ब्युमिन आत ओढायचं प्रमाणही वाढतं, चमकणारं अल्ब्युमिन देऊन मोजता येतं. आणि फ्लोखाली बराच वेळ राहिल्यावर सिलियम आखूड होतो, म्हणून दिवसभराच्या प्रयोगात सुरुवातीची लांबी आणि शेवटची लांबी दोन्ही लिहा.

रेकॉर्डिंग संपलं की कव्हरस्लिप फेकू नका. सुरुवातीलाच काचेवर हिऱ्याच्या पेनने एक खूण करून ठेवा, रेकॉर्डिंगनंतर फ्यूम हूडमध्ये ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने १० मिनिटं फिक्स करा, ॲसिटिलेटेड ट्यूब्युलिन आणि न्यूक्लियस दाखवणाऱ्या डॅपीने रंगवा, खुणेवरून तीच जागा शोधा आणि न्यूक्लियसची रांगोळी जुळवून कॅल्शियमच्या व्हिडिओवर ठेवा. मग प्रत्येक सेलपुढे दोन रकाने भरा: सिलियम आहे की नाही, आणि ती आधी चमकली, नंतर चमकली की चमकलीच नाही. माझ्या कव्हरस्लिप्सवर सिलियम नसलेल्या सेल्सही चमकलेल्या दिसल्या, पण बहुतेक वेळा शेजारच्या सिलियमवाल्या सेलच्या नंतर, आणि अपायरेज टाकलं की त्यातल्या बऱ्याचशा शांत राहिल्या.